रेषा आणि वाटा

विभागाच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि सर आठवले, दुसरं काही सुचेनाच. गणिताचे सर म्हटलं की कोण, हे आपल्या विभागात कुणाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या वर्षाला दोन चलांच्या फंक्शनचं सातत्य चालू होतं: बिंदूकडे कुठल्याही वाटेने गेलं तरी फंक्शनची किंमत तिथल्या किमतीकडेच जात असेल, तर ते तिथे संतत. सरांनी फळ्यावर अंशात 'एक्सवर्ग गुणिले वाय', छेदात 'एक्सचा चौथा घात अधिक वायवर्ग' लिहिलं, आरंभबिंदूला किंमत ० दिली आणि मला उठवलं. मी वाय बरोबर एमएक्स ठेवलं, म्हणजे आरंभबिंदूतून जाणारी तिरकी रेषा. सीमा, म्हणजे किंमत जिकडे जाते ती, ०. दोन्ही अक्षांवरूनही ०. म्हणून 'फंक्शन संतत आहे' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सर काही बोलले नाहीत. आरंभबिंदूतून जाणारा एक पॅराबोला काढला, वाय बरोबर एक्सवर्ग, आणि खडू परत माझ्या हातात दिला. अंशात एक्सचा चौथा घात, छेदात त्याची दुप्पट. एक द्वितीयांश! आरंभबिंदूच्या कितीही जवळ गेलं तरी एक द्वितीयांशच, ० नाही. म्हणजे फंक्शन संतत नव्हतंच.

"रेषा सगळ्या तपासल्यास, वाटा राहिल्या," सर म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, एकेका चलात संतत असलेलं फंक्शन दोन्ही चलांत मिळून संतत असतं, असं १८२१ साली खुद्द कोशी या थोर फ्रेंच गणितज्ञाने लिहिलं होतं, आणि ते चूक होतं. मला केवढा धीर आला!

विकलनीयता, म्हणजे पृष्ठभागाला त्या बिंदूपाशी नीट चिकटणारं सपाट स्पर्शप्रतल असणं, त्यांनी पुठ्ठ्याने शिकवली. फंक्शन होतं एक्सवायच्या निरपेक्ष किमतीचं वर्गमूळ. दोन्ही अक्षांवर ते ०, आंशिक विकलज, म्हणजे एकेका चलाच्या दिशेने बदलाचा दर, आरंभबिंदूला ०, म्हणजे स्पर्शप्रतल असेल तर आडवंच. सरांनी पुठ्ठा आडवा धरला आणि वाय बरोबर एक्सच्या दिशेने बोट वर चढवत नेलं. पुठ्ठा खालीच राहिला, म्हणजे फंक्शन तिथे विकलनीय नाही.

आंशिक विकलज संतत असले की फंक्शन विकलनीय, हे पटलं. पण उलट खरं का, असं मी विचारलं. दुसऱ्या दिवशी सरांनी चिठ्ठी दिली: एक्सवर्ग साइन एक बटा एक्स, अधिक तसंच पद वायचं. 'आरंभबिंदूला विकलनीय. आंशिक विकलज स्वतः काढणे.' मी वहीत काढून नेले. सरांनी 'कॉस एक बटा एक्स'भोवती गोल केला, ज्याला आरंभबिंदूपाशी सीमाच नाही, म्हणजे आंशिक विकलज संतत नाहीत आणि उलट खरं नाही, आणि खाली सही केली.

आज मी हाच पेपर शिकवतो. पृष्ठभाग पडद्यावर हवा तसा फिरवता येतो, मुलं फोटो काढून घेतात. फळ्यापाशी कुणाला उभं करून थांबायला मात्र तासात वेळच उरत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

सरांच्या सहीची ती वही, आत चिठ्ठीसकट, महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी विभागाकडे देत आहे.