हापूसच्या खोक्यावरचा टॅग वाचताना

मे महिन्यातली देवगडची दुपार. पत्र्याची पॅकिंग शेड. आंब्याच्या खोक्यावर चिकटवलेला आमचा चिपलेस टॅग, समोर अर्ध्या मीटरवर अँटेना, मांडीवर लॅपटॉप. रिकाम्या खोक्यावर आकडा बिनचूक येत होता. खोकं आंब्यांनी भरलं की गायब.

या टॅगमध्ये चिप नसते. पातळ प्लास्टिकवर वेगवेगळ्या लांबीचे तांब्याचे 'सी' आकार, म्हणजे रेझोनेटर. अँटेनाच्या रेडिओ लहरी पडल्या की प्रत्येक आपापल्या वारंवारितेला घुमतो. तो सी असला तर एक, नसला तर शून्य. आमचे सी 3.2 ते 6 गिगाहर्ट्झमध्ये, एकमेकांपासून 200 मेगाहर्ट्झवर, म्हणजे प्रत्येकाला 200 मेगाहर्ट्झचं एक घर. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी परक्या आंब्याला देवगडचं नाव लागतं ही तक्रार काही थांबलेली नाही, म्हणून बागायतदारकाकांना हा प्रकार हवा होता. (तांब्याची नक्षी बघून नक्कल करणारा करेलच, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.)

पहिला त्रास पंख्याचा. रिकाम्या शेडचा प्रतिसाद मोजून वजा करायचा, तर पाती फिरत असल्याने तो दर वेळी वेगळा. पंखा बंद केला. बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागल्या ते लिहीत नाही.

खरी अडचण आंब्याची होती. फळात पाणी, आणि पाण्यावरून या लहरी जोरात परततात. त्या मोठ्या प्रतिध्वनीत टॅगचं घुमणं बुडतं. पण फळ घुमत नाही. त्याचा प्रतिध्वनी नॅनोसेकंदाच्या आत विरतो, रेझोनेटर मात्र आणखी काही नॅनोसेकंद वाजत राहतो. म्हणून वारंवारितांमध्ये मोजलेला सिग्नल उलट्या फूरियरने, म्हणजे तो वेळेनुसार मांडणाऱ्या गणिताने, काळात नेला आणि सुरुवातीचे दोन नॅनोसेकंद कापले. शेवटही कापावा लागतो: टॅगमागे दीड मीटरवर पत्र्याची भिंत होती, जाऊन-येऊन तीन मीटर, म्हणजे 10 नॅनोसेकंदांनी तिचा ठोका येणार. मधे उरले आठ. एवढ्याशा खिडकीतून साध्या फूरियरला 125 मेगाहर्ट्झपेक्षा बारीक दिसत नाही, म्हणून मॅट्रिक्स पेन्सिल पद्धत लावली. ती सिग्नलला विरत जाणाऱ्या लहरींची बेरीज मानते आणि प्रत्येकीची वारंवारिता व विरण्याचा वेग काढून देते.

विरण्याच्या वेगानेच गोम दाखवली. आंबा पुठ्ठ्याला आतून टेकलेला, आणि घुमणारी ऊर्जा तोच पिऊन टाकत होता. खिडकी उघडेपर्यंत निम्मे रेझोनेटर गप्प. मी हे काकांना समजावत होते, तेवढ्यात खोकी भरणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मगे आंबो वायच लांब ठेव गो बाय," आणि त्या बाजूला पेंढ्याचा जाड थर घातला. रेझोनेटर जागे झाले. आमच्या आराखड्यात पेंढा कुठेच नव्हता.

तरी आकडा चुकत होता, आणि तोही विचित्र रीतीने: खालच्या टोकाचे बिट बरोबर, वरच्या टोकाचे एकेक घर खाली सरकलेले. खाऱ्या, दमट हवेत पुठ्ठा ओलावला होता. त्याने सगळ्या वारंवारिता सारख्याच प्रमाणात, साधारण अडीच टक्क्यांनी उतरल्या. 3.2 गिगाहर्ट्झला ते 80 मेगाहर्ट्झ, घर सुटत नाही. 6 ला 150, म्हणजे अर्ध्या घराच्या पलीकडे. सुदैवाने सगळ्यात खालचा सी प्रत्येक टॅगवर असतोच. बाकीच्यांना त्याने भागलं, गुणोत्तरं घेतली आणि भरलेल्या खोक्याचा आकडा पडद्यावर आला.

काकांनी तो कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. मग विचारलं, "वाशीत ह्या वाचतलो कोण?"

मी लहरी सोडून त्यांचा प्रतिसाद मोजणाऱ्या यंत्राची, ॲनालायझरची, किंमत सांगितली. त्यांनी पंखा लावायला सांगितलं आणि उरलेल्या खोक्यांवर क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवायला घेतले.