माघी पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर

दिवाळीला दोस्त भेटत नाहीत. जो तो आपल्या घरात, नाहीतर सासुरवाडीत अडकलेला. गणपतीत प्रत्येकाची गल्ली वेगळी, मंडळ वेगळं. त्यामुळे पुण्याला, बेंगळूरला, गोव्याला पांगलेली आमची बेळगावची टोळी खऱ्या अर्थानं जमते ती सौंदत्तीला, माघी पुनवेच्या यल्लम्मा यात्रेला. आमच्यातले निम्मे तर देवळात हात जोडतानाही इकडंतिकडं बघणारे.

यंदा टेंपो केला. येळ्ळूरच्या मित्राच्या आईनं आधीच बजावलं होतं, "दर्शन लांबून झालं तरी चालेल, खरं पोळ्या मी डोंगरावरच करणार." म्हणजे परात, पोळपाट, तवा, लाकडं, सगळा संसार आला. सांबरा, नेसर्गी, यरगट्टी असा रस्ता. भाताच्या शिवारात वाढलेल्या आम्हाला यरगट्टीकडची ती काळी रानं आणि उभी ज्वारी बघितली की लांब आल्यासारखं वाटतं, जिल्हा तोच असला तरी. तशी ओळख जुनी. रट्ट राजांची राजधानी आधी सौंदत्तीला होती, तिथून ती बेळगावला आली.

जोगुळभावीला आंघोळी उरकून वर चढलो. "उदं गं आई उदं" म्हणत रांग सरकत होती, भंडारा कपाळावर कमी आणि डोळ्यांत जास्त जात होता. गाभाऱ्यासमोर पोचलो न पोचलो तोच मागच्या रेट्यानं बाहेर. दर्शन झालं म्हणायचं.

खरी यात्रा चुलीपाशी. तीन दगड मांडले, खरं वाऱ्यापुढं जाळ टिकेना. बेंगळूरला मोठ्या हुद्द्यावर असलेला आमचा मित्र पुठ्ठा घेऊन वारं अडवत बसला आणि काकू त्याला "जरा सरक की रे, धूर माझ्याकडं येतोय" म्हणून झापत होत्या. शेजारी गदगकडचं एक कुटुंब उतरलेलं. त्यांच्या अक्कांनी आमची तारांबळ बघून आपल्या चुलीतलं पेटतं लाकूडच आणून दिलं. मग पोळ्या तिकडं गेल्या आणि कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी इकडं आली. आमच्यातला बैलहोंगलचा दोस्त मराठी-कानडी दोन्हीकडनं बोलत होता. थोड्या वेळानं त्याचीही गरज उरली नाही. "ऊटा आयतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, एवढं तर आम्हा सगळ्यांना येतं.

पडली, म्हणजे देवीच्या नावाची परडी, भरायला एका म्हाताऱ्या जोगतीणबाईंना बोलावलं. काकूंनी पोळी, भात, कडबू, वर भाजी असं एकेक ठेवलं, भंडारा वाहिला आणि पाया पडल्या. बाईंचा हात पडलीच्या काठावर होता. बोटं वाकडी झालेली, हिरव्या बांगड्या मात्र कोपरापर्यंत. देवीला मुली सोडण्यावर कर्नाटकानं १९८२ साली कायद्यानं बंदी घातली. त्याआधी सोडलेल्या कितीतरी बायका आता या वयाच्या आहेत. पडली भरताना त्यांना आई म्हणायचं आणि एरवी दारात उभं करायचं, हे मला पटत नाही. मी तसं बोललो. काकू म्हणाल्या, "मग बोलतोस काय, ताट वाढ की." वाढलं. बाई आमच्यात बसून जेवल्या आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून सरळ सांगितलं. ते खरंच कमी होतं.

परतताना मलप्रभा नदीवरच्या नविलतीर्थ धरणापाशी थांबलो. मलप्रभेचा उगम खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचा, आणि आमचा एक दोस्त तिथलाच. दरवर्षी तो पाण्याकडं बोट दाखवून "आमच्या गावचं पाणी वापरताय, पैसे काढा" म्हणतो. या वेळी टेंपोवाल्यानं त्यालाच धरलं, "मग भाडं तुमच्याकडनंच घेतो की मालक." यरगट्टी येईपर्यंत त्यावरून भांडण चाललं होतं.