ब्लॅक मॉलीची शिमी आणि तिसऱ्यांचे शिंपले: पाच आठवड्यांची नोंद

3 ऑक्टोबरला पहिल्यांदा नीट लक्षात आलं. माझ्या टँकमधल्या ब्लॅक मॉली माशांतली मोठी मादी जागच्या जागी डुलत होती. डोकं स्थिर, पण कल्ल्यांच्या मागून शेपटीपर्यंत अंग वळवळतंय आणि मासा इंचभरही पुढे सरकत नाही. पंख अंगाला चिकटलेले. मासे पाळणारे ज्याला शिमी म्हणतात ती हीच. दोन वर्षं माझ्याकडे आहे ती, तिची तीन बाळंतपणं मी पाहिलीत. तिला असं बघवत नव्हतं.

तापमान 29, म्हणजे थंडीचा प्रश्न नाही. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्य. दुकानदाराने निळं औषध दिलं, ते मी मेन टँकमध्ये घातलं नाही, कारण त्याने फिल्टरमधले पाणी स्वच्छ ठेवणारे बॅक्टेरिया मरू शकतात. मीठ मात्र घातलं. चार दिवसांत काहीच फरक नाही, उलट एक नर गेला.

उत्तर सापडलं ते बाथरूमचा नळ पुसताना. दहिसरच्या जुन्या सोसायटीत टँकरचं पाणी यायचं, आठ दिवसांत नळावर पांढरी पुटं चढायची. इथे गिरगावात फक्त महापालिकेचं पाणी. राहायला येऊन सहा महिने झाले, नळ अजून चकचकीत. तानसा, वैतरणा, भातसा, सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात क्षार कमी. मॉलीला तर जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी लागतं. मी मासे तेच आणले, टँक तोच लावला आणि पाणी बदललंय हे विसरले.

9 ऑक्टोबरला पाणी तपासायचं किट आणलं. त्यात केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. केएचच्या नळीत पहिला थेंब निळा, दुसऱ्याला पाणी पिवळं. जितके थेंब तितका केएच, म्हणजे 2. जीएच 3. पीएच 6.6. त्यात माझ्या टँकमध्ये लाकडाचा मोठा ओंडका, तोही पीएच खालीच ओढतो. मिठाचा उपयोग का झाला नाही तेही कळलं: साध्या मिठात कॅल्शियमही नाही, कार्बोनेटही नाही. जीएच, केएच त्याने हलत नाहीत.

क्षार वाढवायला कोरलचा (प्रवाळाचा) चुरा सुचवाल, पण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, आणि दुकानातला चुरा कुठून आलाय ते सांगता येत नाही. शिंपलेही कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात. नवरात्र संपलं तसं आईने तिसऱ्या आणल्या. सुकं झालं, शिंपले मी मागून घेतले. उकळून, जोडाशी चिकटलेलं मांस जुन्या ब्रशने काढून, गॅलरीत दोन दिवस उन्हात. मग फडक्यात बांधून खलबत्त्यात हरभऱ्याएवढे तुकडे केले. पीठ करू नका, पाणी गढूळ होतं. दोन ओंजळी तुकडे जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये, पाणी थेट त्यातून जाईल असे ठेवले. टँक 90 लिटरचा आहे.

याची गंमत म्हणजे घाई होत नाही. पाणी आम्लधर्मी असेल तेव्हा शिंपला जास्त विरघळतो, पीएच चढला की मंदावतो. आधीच कमजोर झालेल्या माशाला एका रात्रीत जड पाणी दिलं तर तो धक्का त्याला झेपत नाही.

20 ऑक्टोबर: केएच 3. डुलणं तसंच, पण खायला वर आली.

29 ऑक्टोबर: केएच 4, जीएच 5. पाठीवरचा पंख उघडला! सकाळी लाइट लावला तेव्हा काळं शीड उभारल्यासारखा दिसला. मी पोहे तसेच ठेवून काचेसमोर बसले.

7 नोव्हेंबर: केएच 5, जीएच 6, पीएच 7.4. उकडलेल्या पालकाचं पान तिने देठापर्यंत कुरतडलं. दिवसभर नीट पोहते.

पण पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं डुलते. नव्या पाण्याचा केएच 2 आणि टँकचा 5, त्यामुळे असावं. आता बादलीत अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालून, शिंपल्यांची दुसरी पिशवी आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून पाणी दोन दिवस आधी तयार करून ठेवणार आहे. आणि एकदम 30 टक्क्यांऐवजी आठवड्यातून दोनदा 10 टक्के. पहिली बादली आज भरली.