क्लायंट माझा नातेवाईक नाही हो!

रॉटरडॅमचा क्लायंट माझा नातेवाईक नाही, हे बँकेला पटवायला मला ४३ दिवस लागले.

आधीचं थोडक्यात. सांगलीत बीएस्सी, २०१३ ला पुण्यात वेबसाइट बनवायची नोकरी, पीएचपी आणि जेक्वेरी वापरून. इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये मेनू जागेवर बसवण्यात ऐन उमेदीची वर्षं गेली. पुढे रिअ‍ॅक्ट हे नवं साधन शिकलो, दोन नोकऱ्या बदलल्या, कोविडात घरी आलो तो परत गेलोच नाही. फ्रीलान्सिंग सुरू केलं. जीएसटी नंबर मिळाला, कर न भरता परदेशी बिल करता यावं म्हणून पोर्टलवर आरएफडी-११ हा फॉर्म भरून एलयूटी (लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्र) ही दिला. एका संध्याकाळचं काम.

मग सीए म्हणाले, होस्टिंग, इंटरनेट, को-वर्किंगचं भाडं यांवर भरलेला १८ टक्के जीएसटी परत मागता येतो. (लॅपटॉपवरचा नाही, ती भांडवली वस्तू. मी नेमका तोच धरून बसलो होतो.) त्यासाठी पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला हवा. सगळे त्याला एफआयआरसी म्हणतात, पण सेवेच्या पैशांना बँका आता बहुतेक वेळा इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस देतात. काउंटरवर दोन्ही नावं घ्या, नाहीतर ‘आता ते बंद झालं’ ऐकून परत याल. मी आलो.

दुसऱ्या खेपेला कागद मिळाला. त्यावर पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, पी१३०१. घरी येऊन शोधलं तर अनिवासी भारतीयानं कुटुंबाच्या खर्चासाठी आणि बचतीसाठी पाठवलेले पैसे! माझा कोड पी०८०२, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी. पैसे आले तेव्हा ‘कशाचे?’ असं विचारणारा बँकेचा मेल आला होता म्हणे. तो माझ्या स्पॅममध्ये सापडला. उत्तर नाही म्हटल्यावर कुणीतरी मला घरखर्चाला लावून दिलं.

परत शाखेत.

“हे तुमचे कोण लागतात?”

“कोणी नाही. क्लायंट आहे.”

“मग दर महिन्याला पैसे का पाठवतात?”

“मी त्यांची वेबसाइट करतो.”

“इथून?”

साहेबांनी मान हलवली, अर्ज ठेवून घेतला. तो मुंबईच्या फॉरेक्स विभागात जाणार होता. आठ दिवसांनी कळलं, इनव्हॉइस जोडायला हवा होता. मग करार. मग साहेब रजेवर. सोमवारी जाऊ नका, पेन्शनवाल्यांची रांग असते. गुरुवारी तीननंतर साहेब निवांत सापडतात.

बाकावर बसून करणार काय? मला जुन्या दुकानांच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढायचा नाद आहे. बाकासमोरच ‘परकीय चलन’ अशी जुनी पाटी होती, ‘कीय’ची वेलांटी काय देखणी! आणि मोबाइलवर त्याच बँकेची वेबसाइट, मराठी मथळ्यांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं, त्यामुळे शिरोरेषा तुटून अक्षरं दात पडल्यासारखी दिसत होती. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची एक ओळ काढली की काम झालं असतं. सांगणार होतो. नाही सांगितलं.

शेवटी क्लायंटकडून एमटी१०३ची, म्हणजे त्यांच्या बँकेनं पैसे पाठवताना धाडलेल्या स्विफ्ट संदेशाची, प्रत मागवली. त्यात माझा इनव्हॉइस नंबर छापलेला होता. तो बघितल्यावर साहेबांनी स्वतः मुंबईला फोन लावला आणि पाच दिवसांत दुरुस्त कागद आला. हे पहिल्याच दिवशी मागवायला हवं होतं, पण तेव्हा मला सांगणार कोण? आता इनव्हॉइसच्या तळाशी पी०८०२ ठळक अक्षरात टाकतो, बँकेच्या मेलला त्याच दिवशी उत्तर देतो आणि दाखला दर महिन्याला घेतो, वर्षाचा एकदम मागत नाही.

हो, एक राहिलंच. एलयूटी आर्थिक वर्षापुरताच चालतो, ३१ मार्चला संपतो. दर वर्षी नवा द्यावा लागतो. हे लिहिताना पोर्टल उघडून बघितलं, माझा या वर्षीचा राहिलाय.