दिवा न लागणे

घड्याळाच्या दुकानात जाऊन ५.६ व्होल्टचा सेल मागितला की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे आणि मग आपल्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहतो. परवा दुपारी तसेच झाले. माझ्या हातात मामाचा यशिका इलेक्ट्रो ३५ होता, आणि तो ज्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवला गेला ते सेल, पारा विषारी म्हणून, अमेरिकेत १९९६ साली कायद्याने बंद झाले आणि हळूहळू बाकीच्या बाजारांतूनही गेले. दुकानदाराने खोक्यातून ६ व्होल्टचा एक छोटा सेल काढून दिला आणि "चालला तर चालला" असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तो चालतो, हे मला ठाऊक होते. मूळ सेलपेक्षा आखूड आणि बारीक असल्यामुळे त्याच्याभोवती कागदाची गुंडाळी आणि टोकाला स्प्रिंग द्यावी लागते, एवढेच, वरच्या ०.४ व्होल्टचे या कॅमेऱ्याला काही वाटत नाही. (स्प्रिंगऐवजी चॉकलेटच्या चांदीचा बोळा कोंबणारे लोक आहेत. त्यांच्या हाती मी कॅमेरा देणार नाही.) तळाचे झाकण नाण्याने फिरवून उघडले, तर आतल्या धातूच्या पट्टीवर हिरवट-निळा कळंक चढलेला. काडीवरचा कापूस व्हिनेगरमध्ये बुडवून तो हलक्या हाताने काढला, पट्टी कोरडी केली, सेल बसवला, पाठीवरचे बटण दाबले, आणि फोटोंचा आकडा दिसतो त्या खिडकीत हिरवा दिवा लागला. बॅटरीचे दुखणे असे सरळ असते. बटण दाबून विचारले की ती हो किंवा नाही सांगून मोकळी होते.

शटर असे सरळ बोलत नाही. १९६६ साली इलेक्ट्रो कॅमेऱ्यांची ही मालिका आली तेव्हा शटरची वेळ विजेवर ठरते याचा एवढा अभिमान होता की कॅमेऱ्याच्या माथ्यावर अणूचे चिन्ह कोरलेले असे. भिंगाचे छिद्र आपण ठरवायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते कॅमेरा ठरवणार. प्रकाश फार झाला तर तांबडा दिवा, कमी पडला तर पिवळा, आणि सारे योग्य असेल तर कोणताच दिवा नाही. खोच इथेच आहे. सेल संपला तरीही कोणताच दिवा लागत नाही, आणि बटण दाबले की शटर नेहमीच्याच आवाजात उघडून मिटते, फक्त प्रत्येक वेळी १/५०० सेकंदात. कॅनन एई-१ सेल संपला की हटून बसतो, बटण दाबून काही होत नाही. पेंटॅक्स के१००० चा सेल केवळ प्रकाश मोजण्यापुरता, त्याचे शटर सेलशिवायही सगळे वेग इमानाने देते. इलेक्ट्रोचा मधला मार्ग मला कधीच पटलेला नाही.

थोरल्या भावाच्या मुंजीत या मधल्या मार्गाचा प्रसाद आम्हाला मिळाला. मामा तेव्हा जहाजावर नोकरीला होता आणि हा कॅमेरा त्यानेच बाहेरून आणला होता. फ्लॅश लावणे त्याला कमीपणाचे वाटे, कारण १.७ चे, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारे भिंग असताना फ्लॅश कशाला, असे त्याचे म्हणणे. एरवी माजघरात पिवळा दिवा लागायचा आणि तो कॅमेरा स्टुलावर टेकवून सगळ्यांना श्वास रोखायला लावायचा. त्या दिवशी मात्र दिवा लागेचना, म्हणून तो खुशीत फोटो काढत सुटला. मातृभोजनाच्या वेळी आईने भरवलेला घास तोंडात धरून भाऊ कितीतरी वेळ थांबला होता, कारण मामाला तो दोन बाजूंनी हवा होता. रोल धुऊन आला तेव्हा माजघरातल्या सगळ्या निगेटिव्ह काचेसारख्या स्वच्छ, म्हणजे कोऱ्या होत्या. अंगणात उन्हात उभे केलेले आजोबा, मांडवाबाहेरचा बँडवाला आणि कोणाची तरी स्कूटर तेवढी उत्तम आली होती. १/५०० ला ऊन पुरते.

हिरवा दिवा लागूनही परवा माझे समाधान झाले नाही, कारण रोल पुढे सरकवण्याचा खटका ओढताना आतून जो टक्क असा आवाज यायला हवा तो येत नव्हता. या कॅमेऱ्याच्या पोटात रबराची एक लहानशी गादी असते. वयाने ती विरघळून चिकट होते, मग आतला दांडा जागेवर थांबत नाही आणि दिवे व वेळ दोन्ही मनमानी करू लागतात. पाठ उघडून, खिडकीकडे धरून, प्रकाश मोजणाऱ्या डोळ्यावर बोट ठेवून बटण दाबले; अंधार समजून शटरच्या पाकळ्या बराच वेळ उघड्या राहायला हव्या होत्या, त्या लगेच मिटल्या. मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारातल्या एका कारागिराने वरचे झाकण काढून नवी गादी बसवली, खटका कानाशी धरून ओढला आणि टक्क झाल्यावर मान डोलावली. मोजायचे यंत्र त्याच्याकडे होते, पण ते त्याने नंतर लावले.

मुंजीचा रोल लॅबवाल्याने बिघडवला, असे मामा अजून म्हणतो. त्याला दिव्यांचा हा हिशेब मी समजावून सांगितलेला नाही, आणि सांगणारही नाही.