मस्टँगचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी उतरवला, त्याची ही रडकथा

तर झालं असं की ऑक्टोबरपासून गॅरेजच्या फरशीवर लाल डाग पडायला लागला. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा, मग बायकोनं त्याखाली जुना बेकिंग ट्रे सरकवून ठेवला आणि म्हणाली, हे आता तुझं तू बघ. लाल म्हणजे इंजिन ऑइल नाही, ते काळपट तपकिरी असतं. लाल म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि तेही बरोब्बर बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडलेला घंटेसारखा पुढचा भाग) खालून टपकत होतं. म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपाचं सील, तेल अडवणारी रबरी कडी, गेलं. सील स्वतः दोन कप कॉफीच्या पैशात मिळतं, पण ते असतं गिअरबॉक्स आणि इंजिनच्या मधे, टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) मागं, तिथं पोचायचं तर अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो.

गाडी १९६६ची फोर्ड मस्टँग, २८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, म्हणजे आपल्या भाषेत ४.७ लिटर, आणि मागं फोर्डचा सी-४ ऑटोमॅटिक, तीन गिअरचा. आम्ही राहतो एडिसन, न्यू जर्सीला आणि हिचा चेसिस नंबर सुरू होतो ६टी०७सी असा. ६ म्हणजे १९६६, आणि टी म्हणजे मेटचन प्लांट. नाव मेटचन पण प्लांट होता इथं एडिसनमध्येच, रूट १ वर. २००४ला तो बंद झाला, आता तिथं दुकानं आहेत. म्हणजे ही बया जिथं जन्मली तिथून थोड्याच अंतरावर, साठ वर्षांनी, एक सातारकर तिच्याखाली पुठ्ठ्यावर उताणा पडलाय. मला हे फार भारी वाटतं, बायकोला वाटत नाही.

एका दुकानात विचारलं तर त्यांनी पूर्ण रीबिल्डच करावा लागेल असं गाडी न बघताच सांगितलं. मग ठरवलं, घरीच.

आता आमचे बाबा म्हणजे एसटी डेपोत मेकॅनिक होते, लेलँडचे गिअरबॉक्स उतरवण्यात हयात गेली. शनिवारी सकाळी आठला व्हिडिओ कॉल लावून फोन टायरला टेकवून ठेवला, तिकडं संध्याकाळचे साडेसहा, आई मागं भाकऱ्या थापतीय आणि बाबा चहा घेत सुपरवायझर. पहिला प्रश्न, "घोडी लावलीस का?" घोडी म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड. लावली म्हटलं, चारी कोपऱ्यांना, आणि बॅटरीची वायर पण काढली. "हलवून दाखव." गाडीला धक्के मारून दाखवले तेव्हा कुठं खाली जायची परवानगी मिळाली. यात ते बरोबरच आहेत, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात पण घालू नये.

तेल काढणं हा पहिला घाण प्रकार. सी-४च्या तळाच्या पॅनला तेल सोडायचा ड्रेन प्लग नसतो, मागच्या बाजूचे बोल्ट ढिले करायचे आणि पॅन एका कडेनं तिरकं होऊ द्यायचं, मग तेल परातीत पडतं, बाहीत पण जातं. आणि हे सगळं तेल नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. जुन्या कन्व्हर्टरला वेगळा प्लग असायचा, माझ्या गाडीला मधे कधीतरी कुणीतरी दुसरा कन्व्हर्टर बसवलाय त्याला तो नाहीच. हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा) पटकन निघाला, मागच्या क्रॉसचे म्हणजे सांध्याचे चार नट, पण आधी खडूनं खूण केली म्हणजे परत बसवताना तसाच बसेल. शाफ्ट मागं ओढला की गिअरबॉक्सच्या शेपटीतून पण तेल येतं, तिथं प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. मग स्पीडोमीटरची केबल, गिअरचा रॉड, किकडाउनचा रॉड (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणारा), कूलरचे दोन पाइप जे रेडिएटरकडं जातात, स्टार्टर.

आणि मॉड्युलेटरची व्हॅक्यूम नळी. मॉड्युलेटर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवरून, म्हणजे ओढीवरून, गिअर कधी बदलायचा ते ठरवायला मदत करणारी डबी. ही नळी काढली की आत बोट घालून बघा, आत लाल तेल असेल तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन तुमचं एटीएफ पिऊन पांढरा धूर सोडतंय. लोक अशा धुरावर इंजिन खोलतात! माझी कोरडी निघाली.

एक्झॉस्टनं मात्र अर्धा दिवस खाल्ला. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळं नट आणि बोल्ट एकजीव झालेले. बाबा म्हणाले रॉकेल टाक. घरात रॉकेल नव्हतं, मग एटीएफ आणि अ‍ॅसिटोन अर्धं अर्धं मारलं (दार उघडं ठेवून, ठिणगीपासून लांब) आणि जेवायला गेलो. आल्यावर दोन सुटले, एक तुटला.

कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला (इंजिनच्या मागच्या टोकाची फिरणारी पातळ चकती) चार नटांनी धरलेला असतो आणि खालच्या झाकणातून एका वेळी एकच नट समोर येतो. एकानं पुढं क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवायचं, दुसऱ्यानं खालून "थांब थांब थांब" ओरडायचं. बायकोनं पाना धरला. चौथ्या नटाला म्हणाली की लग्नात सप्तपदीला पण इतका वेळ लागला नव्हता.

मग गिअरबॉक्सखाली भाड्यानं आणलेला जॅक, साखळीनं बांधून, इंजिनच्या ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा आणि दुसरा जॅक, कारण क्रॉसमेंबर, म्हणजे गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा पट्टा, काढला की इंजिनला मागं धरणारं कुणी राहत नाही. बेल हाउसिंगचे सहा बोल्ट. खालचे चार गपचूप. वरचे दोन, देवा रे. ते दिसतच नाहीत, वर फायरवॉल (इंजिनमागचा पत्रा) आणि गिअरबॉक्सवरचा फरशीचा बोगदा, हात जात नाही. तासभर शिव्या देऊन झाल्यावर बाबाच म्हणाले, "अरे शेपूट खाली घे की लेका." क्रॉसमेंबर निघालेलाच होता, मागचा भाग हळूहळू खाली सोडला तशी वर फट झाली आणि दोन-अडीच फुटांचं एक्स्टेन्शन जोडजोडून मागून, गिअरबॉक्सच्या डोक्यावरून, पाना त्या बोल्टवर बसला. कट्ट असा आवाज आला आणि मी खरंच टाळी वाजवली.

आता चूक. गिअरबॉक्स मागं ओढताना कन्व्हर्टर त्याच्याबरोबरच यायला पाहिजे, आणि तो पुढं घसरू नये म्हणून बेल हाउसिंगवर एक पट्टी आडवी लावायची असते. हे मला माहीत होतं, पट्टी कापून टेबलवर ठेवली पण होती, ती टेबलवरच राहिली. जॅक खाली घेताना पुढची बाजू जरा झुकली आणि तेलानं भरलेला तो भोपळा, १५ किलोच्या वर असेल, हळूच सरकत बाहेर आला. मी पकडला, पोटावर. आत राहिलेलं सगळं तेल माझ्या अंगावर, शर्टात, कानात. बाबा तिकडं "काय झालं? काय झालं?" आणि माझ्या तोंडात एटीएफ म्हणून बोलता येईना. फरशीवर मांजराची रेती ओतली, ते तेल छान शोषतं, आमच्याकडं मांजर नाही तरी दोन पिशव्या असतात.

जॅकसकट गिअरबॉक्स गाडीखालून निघत नव्हता, उंची कमी पडली. ५० किलोच्या आसपासचं धूड पुठ्ठ्यावर उतरवून आम्ही दोघांनी पोतं ओढावं तसं ओढून काढलं.

सील बघितलं तर पापडासारखं कडक, नखानं तुकडा पडला. मी खूश, नवीन सील हातात होतंच. तेवढ्यात बाबा म्हणाले, "ते जिथं फिरतं तिथं बोट फिरव, नख अडतं का बघ." कन्व्हर्टरच्या हबवरून, म्हणजे सीलच्या आत फिरणाऱ्या नळीवरून, नख फिरवलं. अडलं. गोल चर पडलीय. नवीन सील बसवलं असतं तरी महिन्याभरात परत तोच ट्रे.

मग त्यांनी तासभर मला तो गिअरबॉक्स कॅमेऱ्यासमोर फिरवायला लावला. "एवढा जड, आणि क्लच प्लेट कुठंय?" आत आहेत म्हटलं, एकावर एक, तेलात बुडालेल्या, आणि बाहेरून पट्टे आवळतात. "पायानं दाबायला काहीच नाही?" नाही. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खोलून दाखव."

नाही खोलला. कन्व्हर्टर ऑर्डर केलाय, यायला आठवडा. गाडी घोडीवर, गिअरबॉक्स वॉशिंग मशीनशेजारी चादरीखाली, आणि बायकोची गाडी बाहेर थंडीत. रोज सकाळी ती काच खरवडत असते तेव्हा मी खिडकीपाशी जात नाही.