सोबत मूल असेल तरच आत सोडतात: सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये मुलांबरोबर

सिंगापूरला मुलांना घेऊन जाणारे बहुतेक जण सेंटोसा, नाइट सफारी, युनिव्हर्सल एवढं करतात आणि बोटॅनिक गार्डनला "वेळ उरला तर बघू" म्हणतात, आणि वेळ काही उरत नाही. आम्ही यावेळी आधी बाग ठरवली आणि बाकीचं तिच्या भोवती बसवलं. मी, ताई, माझी लेक (चौथीत) आणि ताईचा मुलगा (पहिलीत), असे चौघं. एकदा गेलो आणि मग परत परत जात राहिलो, कारण मुलंच दुसरीकडे जायला तयार होईनात.

ही बाग १८५९ सालची. २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. ८२ हेक्टर पसरलेली आहे आणि मुख्य बागेत जायला तिकीट नाही, पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी, तिकीट फक्त आतल्या ऑर्किड गार्डनला. पण मला लिहायचंय ते मुलांसाठीच्या भागाबद्दल. बुकिट तिमाह बाजूला जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डन नावाची वेगळी बाग आहे, २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये वाढवून जवळपास दुप्पट, म्हणजे ४ हेक्टर केली. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि गेटवरचा नियम असा की सोबत मूल असेल तरच मोठ्या माणसाला आत सोडतात. एकट्या मोठ्यांना प्रवेशच नाही! मला हा नियम फारच आवडला. आपण मुलांना "घेऊन" जातो असं वाटत असतं, इथे मुलं आपल्याला घेऊन जातात.

आत झाडावरचं घर आहे, घसरगुंड्या आहेत, झुलता पूल, कुंपणाच्या झुडपांचा भुलभुलैया, पाण्यात खेळायची जागा, हे सगळं आहेच आणि मुलांनी त्यात हवा तेवढा वेळ घालवला. पण खेळाच्या मधे मधे झाडं कशी जगतात ते पेरून ठेवलंय. प्रकाशसंश्लेषण समजावणारा एक भाग आहे, फळझाडांची बाग आहे, शेतीचा तुकडा आहे, ओढा आणि तळ्यांचं छोटं जंगल आहे. हात लावायचा, वास घ्यायचा, पानं चुरगळून बघायची असाही एक कोपरा आहे, तिथून भाच्याला ओढून काढावं लागलं.

पण खरी मजा आली ती माणसांमुळे. आम्ही मुलं आणि पालक एकत्र बसतात अशा एका सत्राला नाव दिलं होतं, विषय बिया. शिकवणाऱ्या बाई वयाने बऱ्याच मोठ्या, स्वयंसेवक, सगळी मुलं त्यांना "आंटी" म्हणत होती. सुरुवातीलाच त्यांनी मोठ्यांना सांगितलं की प्रश्न मुलांना विचारला तर उत्तर मुलांनीच द्यायचं, तुम्ही कानात सांगायचं नाही. आम्ही सगळे पालक हसलो, आणि पाचच मिनिटांत ताईने भाच्याच्या कानात सांगायला सुरुवात केली, मग आंटींनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ताई गप्प. नंतर ती म्हणाली की एवढा वेळ न बोलता मी त्याच्या शेजारी कधी बसलेच नव्हते गं.

प्रत्येक मुलाच्या हातात एक बी दिली आणि म्हणाल्या, ही बी घरापासून लांब कशी जाणार ते शोधा. एवढंच. नाव नाही सांगितलं, माहिती नाही, फक्त बी आणि भिंग. माझ्या लेकीला मिळाली होती दोन लांब पंखांची, म्हणजे फळच ते, खाली सुपारीएवढा गोळा आणि वरती दोन तपकिरी पातळ पाती, त्यावर उभ्या शिरा. तिने आधी हुंगली, मग फुंकली, काहीच होईना. शेवटी बाकावर उभी राहिली आणि सोडली, आणि ती भिंगरीसारखी गरगरत सावकाश खाली आली. मग वीस वेळा तरी सोडली असेल. आंटी तोपर्यंत काहीही बोलल्या नाहीत, आणि मग विचारलं, सावकाश पडल्याने झाडाचा काय फायदा? लेक म्हणाली वारा तिला बाजूला नेईल. बाजूला गेली तर काय? तिथे आईची सावली नसेल. बस, बीजप्रसाराचा धडा संपला, आणि ही मुलगी पुस्तकात तो धडा पाठ करून विसरली होती!

लेकीची बी होती डिप्टेरोकार्प नावाच्या घराण्यातल्या झाडाची, तिकडच्या जंगलातले उंचच उंच वृक्ष बहुतेक याच घराण्यातले. ते दरवर्षी फळत नाहीत, काही वर्षांनी एकदा सगळे एकदम फुलतात आणि जंगलभर बियांचा पाऊस पडतो. का, तर बिया खाणारे प्राणी खाऊन खाऊन किती खाणार, उरलेल्या रुजतात. हे आंटींनी सांगितलं पण बिया वीस वेळा सोडून झाल्यावर, आधी नाही. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

भाच्याला मिळाली होती रतनगुंज. आपल्याकडेही होते ही, लालभडक, चपटी, चकचकीत, छोट्या गुंजेला असतो तसा काळा ठिपका नाही. त्याने ती खिशात घातली. आंटींनी विचारलं, तुझी बी कशी प्रवास करणार? तो म्हणाला, माझ्या खिशातून. सगळे हसले पण आंटी अजिबात हसल्या नाहीत, म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे, रंग दिसावा म्हणूनच तर एवढी लाल आहे, पक्ष्याला दिसली काय आणि तुला दिसली काय. त्याचा चेहरा काय फुलला होता!

तिसरी एक बी होती रबराची, करड्या रंगाची, नक्षीदार ठिपक्यांची. तिचं फळ वाळलं की फट् असा आवाज करून फुटतं आणि बिया लांब उडतात. तिथून मग त्यांनी गोष्टच सुरू केली. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू गार्डनमधून रबराची २२ रोपं सिंगापूरला आली, मूळची ब्राझीलची. १८८८ मध्ये हेन्री रिडले बागेचे प्रमुख झाले आणि त्यांनी झाड न मारता रोज चीक काढता येईल अशी खोडावर तिरक्या खाचा घ्यायची पद्धत बसवली. मळेवाल्यांना रबर लावा, रबर लावा म्हणून इतकं मागे लागायचे, खिशात बिया घेऊन फिरायचे, की लोक त्यांना वेडा रिडले म्हणायला लागले. पुढे मोटारी आल्या, टायरना रबर लागायला लागलं आणि सगळा मलाया रबराच्या मळ्यांनी भरला. रिडले शंभरी पार करून गेले. मुलांना त्यातलं काय लक्षात राहिलं तर खिशात बिया! भाच्याला एकदम आपला खिसा आठवला.

याच बागेतली दुसरी गोष्ट त्याहून भारी. ई. जे. एच. कॉर्नर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १९२९ ते १९४५ इथे होते. पावसाळी जंगलातली झाडं एवढी उंच की वरची पानंफुलं मिळवायची कशी, म्हणून त्यांनी माकडं शिकवून तयार केली, ती वर चढून फांद्या तोडून खाली टाकायची आणि हे त्यांचा अभ्यास करायचे. त्या दिवसानंतर आमच्या घरातली दोन्ही माकडं मोठेपणी हेच काम करणार आहेत.

आता मला जे सगळ्यात जास्त आवडलं ते. भाच्याने मधेच विचारलं, झाड खातं काय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलंच होतं. आंटी म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? जवळपास सगळी मुलं म्हणाली, माती. मोठ्यांतलेही निम्मे मनातल्या मनात माती म्हणत असणार. मग त्यांनी सांगितलं की फार वर्षांपूर्वी व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसाने नेमकं हेच तपासलं होतं. मोठ्या कुंडीत साधारण ९० किलो कोरडी माती वजन करून घातली, त्यात दोन-सव्वादोन किलोचं विलो नावाच्या झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड झालं ७५ किलोच्या वर. आता सांगा, माती किती कमी झाली असेल? मुलांनी बोली लावल्यासारखं सुरू केलं, पन्नास किलो, सत्तर किलो, सगळीच! आणि खरं उत्तर, साठ ग्रॅमसुद्धा नाही.

एकदम शांत झाली सगळी. मग लेकच म्हणाली, मग झाड आलं कुठून? हेल्माँटला वाटलं पाण्यातून. त्याचा हा प्रयोग १६४८ मध्ये छापून आला तेव्हा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल फार काही कळलेलंच नव्हतं, पानं तो वायू आत घेतात आणि पाणी व उन्हाच्या जोरावर त्यातून साखर बनवतात, त्याच साखरेतून लाकूड बनतं, हे समजायला पुढे दीडेकशे वर्षं लागली. आंटींनी हे सांगून मुलांना शेजारच्या झाडाला मिठी मारायला लावली आणि म्हणाल्या, हे बहुतेक हवेचं बनलंय. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण मी शाळेत शेकडो वेळा लिहिलं असेल, पण बुंध्याला हात लावून हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. मला खरंच भरून आलं.

शनिवारी सकाळी स्वयंसेवकांबरोबर फुकट फेऱ्याही असतात, वेगवेगळ्या वाटांच्या. आम्ही आतल्या पावसाळी जंगलाची धरली. साधारण ६ हेक्टरचा हा तुकडा बागेच्याही आधीपासूनचा आहे, शहराच्या मधोमध. तिथे एक घोरपड निघाली, चांगली हातभर लांब, आणि सगळे मोबाइल बाहेर. फोटो झाल्यावर गाइडने विचारलं, घोरपड कुठल्या झाडाखाली होती? एकालाही सांगता येईना. झाड केवढं, तर चौघांनी कवेत घेतलं तरी मावणार नाही एवढं! अमेरिकेतल्या वॉन्डर्सी आणि शुस्लर या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये यावर लिहिलंय, प्राणी आपल्याला चटकन दिसतात आणि झाडं नुसता हिरवा पडदा होऊन जातात, याला त्यांनी वनस्पती-अंधत्व असं नाव दिलं. मला वाटतं लहान मुलं जन्मतः अशी नसतात, ती दगड, मुंगी, पान सगळ्याला सारखाच मान देतात, आपणच "ते बघ माकड, ते बघ घोरपड" करत त्यांना झाडं न बघायला शिकवतो. मग अशा कार्यक्रमांमधून ते परत शिकवावं लागतं, आणि म्हणूनच मुलांना एकटं पाठवून उपयोग नाही, आईबाबांनीही बसायला हवं.

टेम्बुसूचं झाड मात्र चुकवू नका. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेच्या मागे त्याचं चित्र आहे, आडवी पसरलेली फांदी आणि सगळं. बागेपेक्षाही जुनं मानतात. लेकीने नोट समोर धरली आणि फांद्या एकेक करून जुळवत बसली, कुठली तीच राहिलीये, कुठली वाढलीये. आता भोवती कुंपण आहे. भाचा कुरकुरला, मला चढायचं होतं. तिथे आंटी नव्हत्या म्हणून लेकीनेच त्याला उत्तर दिलं, आणि तेही प्रश्न विचारून: सगळ्यांनी पाय दिले तर माती कशी होईल? घट्ट. मग मुळांना हवा कुठून मिळणार? तो थोडा वेळ गप्प बसला आणि कुंपणाच्या बाहेरून झाडाला टाटा करून आला.

मुलांना बोटॅनिक गार्डनमध्ये शिकवायची कल्पना तशी नवी नाही, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये १९१४ पासून मुलं स्वतः वाफे करून भाज्या लावतायत, एलन एडी शॉ या बाईंनी ते सुरू केलं आणि अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर एवढंच बघा की कुठल्याही बागेत मुलांच्या हातात काय देतात. पाट्या वाचत पुढे पुढे पळवणारी फेरी असेल तर राहू द्या, एका बीवर पाऊण तास घालवू देणारी असेल तर डोळे मिटून नाव नोंदवा.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. बोटॅनिक गार्डन्स नावाचंच एमआरटी (तिकडची मेट्रो) स्टेशन आहे, मुलांच्या बागेला तीच बाजू जवळची पडते. मुलांची बाग सोमवारी बंद असते, आणि मुलांच्या बागेलाही तिकीट नाही. सकाळी लवकर गाठा, दुपारी उकाडा आणि पाऊस दोन्ही गाठतात, वीज कडाडायला लागली तर झाडाखाली न थांबता छताखाली जा. कपड्यांचा एक जास्तीचा जोड घ्याच, पाण्याच्या जागेतून कोरडं मूल बाहेर येत नाही. डासांचं मलम, टोपी, पाण्याची बाटली. जमलं तर एक छोटं भिंग. आणि शनिवार सकाळ मोकळी ठेवून मगच बाकीच्या तारखा ठरवा, सत्रांची नोंदणी आधी ऑनलाइन करून टाका, जागा लवकर भरतात.